छापील ट्रोलिंग : गिरगाव, १८८७

पीएचडीचा विषय ‘तरुणांमधलं सायबरबुलिंग’ असं सांगितलं की हमखास ऐकू येतं, “हे मोबाइल आल्यापासूनच ना?” अशा वेळी मी लोकांना खोताच्या वाडीच्या आसपासच, पण एकशे चाळीस वर्षं मागे नेते.

गिरगावात तेव्हा डॉ. सखाराम अर्जुन राहत. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे (आमच्या सायन्सवाल्यांपैकीच म्हणा ना). त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई, जन्म १८६४. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न झालं, पण ती नांदायला गेली नाही. दादाजीने दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला आणि वर्तमानपत्रं तुटून पडली. केसरीने तर इंग्रजी शिक्षणाने धर्म बुडतोय असाच सूर लावला. मुलगी वीस वर्षांची!

अपिलात निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी सुनावलं : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती तुरुंगात जायला तयार झाली. त्याच वर्षी दादाजीने ‘आपली बाजू’ पुस्तिका करून छापली. घरच्यांनीच मालमत्तेसाठी तिला फितवलं, असा आरोप त्यात होता. कोर्टातलं भांडण आता घरोघरी वाचायला मिळालं. तिला त्याचंही जाहीर उत्तर द्यावं लागलं.

नॉर्वेत संशोधन केलेल्या डॅन ओल्व्हेयस यांची बुलिंगची व्याख्या आम्ही वापरतो : मुद्दाम दिलेला त्रास, पुन्हा पुन्हा, आणि दोन्ही बाजूंची ताकद असमान. ती इथे लावून बघा. ऑनलाइन त्रासात आणखी दोन गोष्टी येतात, प्रचंड प्रेक्षक आणि न पुसला जाणारा मजकूर. छापखान्याने त्याही पुरवल्या होत्या.

एक गोष्ट मात्र उलटी आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. ‘लोक नाव लपवून लिहितात म्हणून ट्रोलिंग होतं’ असं आपण सर्रास म्हणतो. इथे नाव लपवलं होतं ते रखमाबाईने! १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर तिची पत्रं आली ती ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने. तिच्यावर हल्ला करणारे नावानिशी, उजळ माथ्याने लिहीत होते. मागे जमाव उभा असला की लपायची गरज पडत नाही.

पालघर आठवतंय? नोव्हेंबर २०१२. मुंबई बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर स्वतःच्या नावाने पोस्ट टाकली, मैत्रिणीने लाइक केली. अटक दोघींना झाली, आणि जमावाने एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. ज्या ६६अ कलमाची तेव्हा एवढी चर्चा झाली, ते सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं.

रखमाबाईचं प्रकरण १८८८ मध्ये दादाजीला दोन हजार रुपये देऊन मिटलं. ती लंडनला गेली, डॉक्टर होऊन परतली, सुरत आणि राजकोटला अनेक वर्षं रुग्ण तपासले. १९५५ मध्ये वारली. एवढी मोठी डॉक्टरकी, पण तिची ओळख आजही खटल्यापासूनच सुरू होते. मीही वर तेच केलंय.