पिवळ्या लादीची कुळकथा

घाटकोपरला मध्य रेल्वेच्या गाडीतून उतरून वर्सोव्याच्या मेट्रोकडे धावणाऱ्या गर्दीच्या पायांखाली जी पिवळी, उठावाची लादी दिवसभर तुडवली जाते, तिच्याकडे डोळस माणूस सहसा पाहत नाही. आणि ते स्वाभाविकच आहे, कारण ती त्याच्यासाठी घडवलेलीच नाही. लांबट पट्ट्यांची लादी ‘असेच पुढे चला’ म्हणते. गोल उंचवट्यांची लादी ‘थांबा, पुढे जिना, वळण किंवा फलाटाची कड आहे’ असे बजावते. पांढऱ्या काठीचे टोक पट्ट्यांच्या खोबणीतून सरळ सरकत जाते आणि उंचवट्यांवर येताच अडखळते. काठी नसली तरी चपलेच्या तळव्याला हा भेद उमगतो. पिवळा रंग मात्र ज्यांची दृष्टी अधू आहे, पण पुरती गेलेली नाही, त्यांच्या सोयीचा.

हिचे माहेर जपानातले ओकायामा. दृष्टी गमावत चाललेल्या एका स्नेह्यासाठी सेइइची मियाके या गृहस्थाने 1965 साली पदरचा पैसा घालून ती घडवली, आणि 18 मार्च 1967 रोजी तेथील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती प्रथम बसली. पुढे जपानी रेल्वेने तिचा स्वीकार केला आणि ती देशोदेशी गेली. तिच्या जन्माच्या वेळी तिच्यामागे कसलाही कायदा उभा नव्हता, होती ती एका माणसाची कळकळ. आणि कळकळीवर कोणाला दावा लावता येत नाही.

आपल्याकडे दाव्याची सोय झाली ती 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने, जो 7 फेब्रुवारी 1996 पासून अमलात आला. त्याच्या 45 व्या कलमाने रस्त्यावरील भेदभावास मनाई करताना झेब्रा पट्ट्यांवर आणि रेल्वे फलाटांच्या कडांवर अंधांसाठी स्पर्शाने कळतील अशा खुणा कोरण्याची तरतूद केली. परंतु त्याच कलमाच्या आरंभी ‘आपल्या आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत’ अशी मखलाशी होती, आणि सरकारी दप्तरात कुवत नेहमी कमीच भरते. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली, तीही याच कायद्याच्या अमदानीत. उपनगरांतल्या पदपथांवर मात्र हीच पिवळी ओळ मोठ्या डौलाने निघते आणि एखाद्या विजेच्या पेटीवर थेट जाऊन आदळते. बसवणाऱ्याने लादी बसवली, बिल मंजूर झाले, पण ती वाचायची असते हे त्याला कोणी सांगितलेले दिसत नाही.

2016 च्या नव्या कायद्याने कुवतीची ती सबब काढून टाकली, सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत घातली आणि पहिल्या कसुरीस दहा हजारांपर्यंत दंड ठेवला. तरीही त्याखालच्या 15 व्या नियमाने मार्गदर्शक पुस्तिकांचा जो हवाला दिला, त्या पुस्तिका बहुतांशी शिफारशींच्याच भाषेत लिहिलेल्या होत्या. राजीव रतुरी यांनी 2005 साली दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, आणि सर्वांना पाळावेच लागतील असे किमान दंडक स्वतंत्रपणे आखण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.