एक अक्षर जास्त, एक अक्षर कमी



ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, आपण मंदिरातल्या कपाटातले ग्रंथ बाहेर काढतो, ऊन दाखवतो, जुनी वेष्टनं धुऊन नवी घालतो आणि जिनवाणीची पूजा करतो. ज्या ग्रंथामुळे हा दिवस आला तो षट्खंडागम. धरसेन आचार्य, पुष्पदंत आणि भूतबली ही तीन नावं आपल्याला पाठ आहेत. पण या कथेत दोन देवी येतात, एक दात पुढे आलेली आणि एक एका डोळ्याची. त्यांच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. प्रवचनातही तो भाग दोन वाक्यांत संपतो. मला मात्र सगळ्या कथेचा जीव तिथेच आहे असं वाटतं.

कथा धवला टीकेत आहे. वीरसेन आचार्यांनी ती टीका इ.स. ८१६ मध्ये पूर्ण केली, तेव्हा आपल्या या भागावर राष्ट्रकूटांचं राज्य होतं. कथा मात्र त्याच्याही कितीतरी आधीची, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. धरसेन आचार्य गिरनारच्या चंद्रगुफेत राहत होते. वय झालेलं, आणि पूर्वांच्या ज्ञानाचा जो अंश त्यांच्याजवळ होता तो आणखी कुणाजवळ नव्हता. तोंडी आलेलं ज्ञान, लिहिलेलं काहीच नाही. आपल्याबरोबर ते संपेल या काळजीने त्यांनी दक्षिणेतल्या मुनिसंघाला पत्र पाठवलं. संघाने आंध्र देशातल्या वेणा नदीच्या काठावरून दोन तरुण मुनी पाठवले.

(जिंतूरच्या आपल्या नेमगिरीला नेमिनाथ आहेत आणि शेजारच्या टेकडीचं नाव चंद्रगिरी. गिरनारही नेमिनाथांचा आणि गुफा चंद्रगुफा. नेमगिरीच्या त्या ठेंगण्या दारांतून वाकून आत जाताना मला दर वेळी धरसेन आचार्य आठवतात. योगायोग म्हणा.)

ते मुनी पोहोचायच्या आदल्या रात्री आचार्यांना स्वप्न पडलं की दोन पांढरे शुभ्र बैल येऊन पायाशी नमले. शुभ स्वप्न. तरी त्यांनी तपासणी सोडली नाही. आमच्या वाणिज्य शाखेत याला ऑडिट म्हणतात! दोघांना त्यांनी एकेक विद्या, म्हणजे देवीला प्रसन्न करण्याचा मंत्र दिला आणि दोन उपवास करून सिद्ध करा म्हणून सांगितलं. एका मंत्रात एक अक्षर मुद्दाम जास्त घातलं होतं, दुसऱ्यात एक कमी ठेवलं होतं.

मंत्र सिद्ध झाले, देवी प्रकट झाल्या. एकीचे दात ओठांबाहेर आलेले, दुसरीला एकच डोळा. जास्तीचं अक्षर दातांत दिसलं आणि गळालेलं डोळ्यात.

इथे त्या दोघांनी काय केलं ते पाहा. ते घाबरले नाहीत. देवी कोपली असं म्हणाले नाहीत. देवतांचं रूप असं नसतं, म्हणजे खोट मंत्रात आहे, असा त्यांनी विचार केला. मंत्र गुरूंनी दिलेला होता, तरी त्यांना मंत्रांचं व्याकरण येत होतं, म्हणून त्यांनी जास्तीचं अक्षर काढलं, कमी पडलेलं घातलं आणि पुन्हा जप केला. मग देवी आपल्या मूळच्या सुंदर रूपात आल्या. दोघांनी जाऊन घडलेलं सगळं गुरूंना नम्रपणे सांगितलं. आचार्यांना आनंद झाला आणि शुभ तिथी पाहून त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

हल्ली मोबाईलवर निरोप फिरतात की अमुक स्तोत्रातलं एक अक्षर चुकलं तर घरावर संकट येतं. आपल्या बायका ते वाचून धास्तावतात आणि पाठच सोडून देतात. आपल्या ग्रंथातली देवी तर कुणालाच शिक्षा करत नाही. तिला जशी हाक मारली तशी ती आली, इतकंच. व्यंग तिचं नव्हतं, हाकेचं होतं.

आषाढ शुद्ध एकादशीला अध्ययन पूर्ण झालं आणि तेव्हा आणखी एक प्रसंग घडला. ‘भूत’ जातीच्या देवांनी येऊन एका मुनींची पूजा केली. फुलांचा बली वाहिला, शंख आणि वाद्यं वाजवली. म्हणून धरसेन आचार्यांनी त्यांचं नाव भूतबली ठेवलं. दुसऱ्या मुनींचे दात वेडेवाकडे होते, ते देवांनी सरळ केले, म्हणून ते पुष्पदंत. आज आपल्याला माहीत असलेली ही दोन्ही नावं अशी देवांच्या करणीवरून पडली.

आता हे ‘भूतबली’ आपल्या मराठी तोंडात कसं होतं पाहा. पाठशाळेतली मुलं हमखास ‘भूतबळी’ म्हणतात आणि हसतात. त्यांची चूक नाही. मराठीत भूत म्हणजे पिंपळावरचं, आणि बळी म्हणजे कापलेला बोकड किंवा कोंबडं. ल चा ळ झाला आणि अहिंसा महाव्रत पाळणाऱ्या आचार्यांच्या नावाला रक्ताचा वास आला! तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात व्यंतर देवांचे आठ प्रकार सांगितले आहेत: किन्नर, किंपुरुष, महोरग, गंधर्व, यक्ष, राक्षस, भूत, पिशाच. यातला भूत म्हणजे मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा नव्हे. ती देवांची एक जात आहे. आणि बली म्हणजे वाहिलेली पूजा, इथे तर स्पष्ट फुलांची. म्हणून मुलांना हसू द्यावं, पण नाव ‘भूतबली’च म्हणायला लावावं आणि अर्थ त्याच वेळी सांगावा.

राक्षसांचंही असंच झालं आहे. विमलसूरींचं ‘पउमचरिय’ हे रामचरित्र महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. त्यात राक्षस हा विद्याधरांचा एक वंश आहे, राक्षसद्वीपावरून नाव पडलेला. वानर हाही वंशच, ध्वजावर वानराचं चिन्ह असलेला. रावणाला दशमुख म्हणतात ते लहानपणी त्याने घातलेल्या हाराच्या मण्यांत त्याच्या तोंडाची नऊ प्रतिबिंबं दिसली म्हणून. नाव तेच राहिलं, पण ऐकणाऱ्यांनी त्याला शिंगं आणि शेपट्या लावल्या.

आता कुणी म्हणेल, अक्षराचं एवढं महत्त्व असेल तर अंजन चोराचं काय? प्रश्न रास्त आहे, आणि ही कथा मला फार आवडते.

जिनदत्त शेठांकडून णमोकार मंत्र मिळालेला सोमदत्त स्मशानात आकाशगामिनी विद्या साधत होता. झाडाला एकशे आठ दोऱ्यांचं शिंकं टांगलेलं, खाली शस्त्रं टोकं वर करून रोवलेली. शिंक्यात बसायचं, मंत्र म्हणत एकेक दोरी कापायची. पण सोमदत्ताला खात्री वाटेना. तो चढे, खाली बघे, उतरे. तेवढ्यात शिपायांपासून पळणारा अंजन चोर तिथे आला. काय चाललंय ते विचारलं आणि म्हणाला, मला बसू दे. मंत्र ऐकला, पण जिवाच्या धावपळीत त्याला तो कुठला आठवायला! तोंडात राहिलं ते ‘आणं, ताणं’ एवढंच. शेठजींचं वचन खोटं असणार नाही, एवढ्या एका भरवशावर त्याने सगळ्या दोऱ्या एका झटक्यात कापल्या. आणि विद्या सिद्ध झाली. विद्यादेवीने त्याला वरच्यावर झेलून जिनदत्त शेठ होते तिथे मेरूवरच्या चैत्यालयात नेलं. पुढे त्याने दीक्षा घेतली आणि मोक्षाला गेला. निःशंकित अंगाचं उदाहरण म्हणून समंतभद्र आचार्यांनी त्याचंच नाव घेतलं आहे.

पार्श्वनाथांच्या कथेतल्या नाग-नागिणीने तर एक अक्षरही उच्चारलं नव्हतं. जळत्या लाकडात होरपळताना नुसता मंत्र ऐकला आणि तेच धरणेंद्र-पद्मावती झाले.

तर मग कोण खरं? मला वाटतं, दोन्ही कथांतली माणसं वेगवेगळ्या कामावर होती. अंजन चोराला स्वतःपुरतं तरायचं होतं, त्याला श्रद्धा पुरली. पुष्पदंत-भूतबलींना मात्र जे मिळेल ते पुढे द्यायचं होतं. त्यांच्या हातून एक अक्षर गळलं असतं तर ते त्यांच्यापुरतं न राहता आपल्यापर्यंत गळलेलंच आलं असतं. म्हणून मरणाच्या दारात असलेल्या सासूबाईंचा उच्चार कुणी सुधारू नये, आणि नातवाला पहिल्यांदा णमोकार शिकवताना मात्र आळस करू नये.

शिकवताना कुठे अडतं ते तुम्हालाही माहीत आहे. आपल्या परभणी-जिंतूरकडे ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, तसं ‘अरिहंताणं’चं ‘अरिहंतानं’ होतं. ‘सिद्धाणं’मधला द्ध हलका होतो. ‘उवज्झायाणं’मधला अर्धा ज तर बहुतेक घरांतून हरवलेलाच आहे. बाकी ण आणि न वरून एकमेकींना टोकू नका, कारण तो वाद फार जुना आहे. पुणे जिल्ह्यात मावळातल्या पाले इथल्या लेण्यातला दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख ‘नमो’नेच सुरू होतो, आणि त्यात अरिहंत नाही, ‘अरहंत’ आहे. प्राकृत बोलीही गावोगावच्या वेगळ्या होत्या. घरात एक पाठ धरावा आणि तो नीट म्हणावा.

अक्षर गळणं ही नुसती पुराणातली गोष्ट नाही. षट्खंडागमाचंच तसं झालं, आणि तेही आपल्या आजीच्या काळात.

या ग्रंथाच्या टीकेसह ताडपत्रावरच्या प्रती कर्नाटकात मूडबिद्रीला होत्या. शतकानुशतकं त्यांचं फक्त दर्शन व्हायचं, वाचन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे माणिकचंद शेठ यांच्या खटपटीने त्यांची नक्कल सुरू झाली. नक्कल करणाऱ्यांत मिरजेचे गजपती उपाध्ये होते. प्रत मूडबिद्रीबाहेर न्यायची परवानगी नव्हती. गजपतींनी गुपचूप आणखी एक कन्नड प्रत तयार केली, आणि त्या कामात मोठा हात होता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा. जुनी कन्नड लिपी, प्राकृत आणि संस्कृत मजकूर, आणि एक गृहिणी ते अक्षरामागून अक्षर उतरवते आहे! तीच प्रत पुढे सहारनपूरला गेली आणि तिच्यावरून देशभर प्रती झाल्या. चोरून केलेली नक्कल योग्य की अयोग्य यावर मी बोलणार नाही. पण लक्ष्मीबाई नसत्या तर आपण कुणीही हा ग्रंथ डोळ्यांनी वाचू शकलो असतो की नाही, मला शंका आहे. श्रुतपंचमीच्या पूजेत हे नाव मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी त्या प्रतींवरून धवला संपादित केली. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये त्यांच्या मदतीला होते. पहिला भाग १९३९ साली निघाला, सोळावा १९५८ साली. पण प्रतीवरून प्रत, तिच्यावरून पुन्हा प्रत, त्यामुळे संपादकांना जागोजाग गळती दिसत होती.

पहिल्याच भागातलं ९३ वं सूत्र आपल्याबद्दल आहे. ‘मनुष्यिणी’, म्हणजे मानवी स्त्री, कोणत्या गुणस्थानांत नियमाने पर्याप्त असते, हे त्यात सांगितलं आहे. हातातल्या प्रतींत ती यादी ‘संजदासंजद’वर, म्हणजे पाचव्या, श्राविकेच्या गुणस्थानावर थांबत होती. पण वीरसेन आचार्यांची खालची टीका चौदा गुणस्थानांची चर्चा करते. मग संपादकांनी तळटीप दिली की इथे ‘संजद’ हा शब्द गळला असावा. संजद म्हणजे संयत, सहावं गुणस्थान आणि त्याच्या पुढची सगळी.

त्यावरून पंडितांमध्ये केवढा वाद पेटला! शब्द घालणं म्हणजे स्त्रीमुक्ती मान्य करणं, असं काहींना वाटलं. खरं तर वीरसेन आचार्यांनी तिथेच खुलासा केला आहे की चौदा गुणस्थानांची स्त्री म्हणजे भावस्त्री, शरीराने स्त्री नव्हे. पुढे मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्राशी ताडून पाहिलं तेव्हा ‘संजद’ शब्द तिथे होताच. मला विचाराल तर तो कसा गळला हे सहज कळतं: ‘संजदासंजद’च्या लगेच पुढे ‘संजद’. लिहिणाऱ्याची नजर एकावरून दुसऱ्यावर घसरली. किराणा दुकानाच्या खातेवहीत एकाखाली एक सारखे आकडे आले की एक हमखास सुटतो, तसं.

तरी वाद मिटला नाही. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले, ते फलटणला आहेत. तिथेही हा एक शब्द ठेवायचा की वगळायचा यावर मोठी ओढाताण झाली.

षट्खंडागमाच्या आवृत्त्या पुढे सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानेही काढल्या, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच मंदिरांत पहिला भाग असतो. यंदा वेष्टन बदलताना तो उघडा आणि ९३ वं सूत्र काढा. १९३९ ची आवृत्ती असेल तर तळटीपही बघा. प्राकृत येत नसलं तरी हरकत नाही, शब्द शोधता येतो: सं, ज, द.