जरा लिहून द्या

विनंती करण्याची रीत माणूस अंगणात, बाजारात आणि कचेरीच्या दारात शिकतो. बिदर-कलबुर्गीच्या मुलुखात ही शिकवणी गेली सहा-साडेसहा शतके अनेक भाषांत चालू आहे.

1347 साली बहमनी तख्त गुलबर्ग्यास आले. पुढच्या शतकात ते बिदरला गेले. दरबारी भाषा फारसी. दाद मागणाऱ्या रयतेला तिचाच उंबरठा ओलांडावा लागे. त्या वहिवाटीतून मराठीत ‘अर्ज’ रुजला, ‘मेहेरबानी’ आली. मुळात ‘कण’ या अर्थाचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने ‘जरा’ होऊन आला. शिवकाळात राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘अर्ज’ लोकांच्या तोंडून हटला नाही. निजामी अमलात 1884 च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. सोयरे वेगवेगळ्या राज्यांत विभागले गेले. इकडे कालांतराने कारभार कन्नडात आला; पण कन्नडातही अर्जाला ‘अर्जी’च म्हणतात.

कागदावरची भाषा अशी बदलत गेली, बोलण्यातल्या विनंतीचा साचा मात्र सारखाच राहिला. मराठी माणूस म्हणतो, ‘जरा लिहून द्या.’ कन्नड शेजारी म्हणतो, ‘स्वल्प बरेदु कोड्री.’ दखनी बोलणारा म्हणतो, ‘जरा लिख को देव.’ आधी ‘थोडेसे’, मग काम, शेवटी ‘देणे’. सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या बोलींचा गम्पर्झ आणि विल्सन यांनी अभ्यास केला. तेथील मराठी, कन्नड व उर्दू वाक्ये शब्दास शब्द ठेवून उलटता येतात, असे त्यांनी 1971 साली दाखवले.

आता नोकरीसाठी जपानी शिकू पाहणाऱ्या आपल्या मुलांनी हे वाक्य पाहावे : ‘चोत्तो काइते कुदासाई.’ चोत्तो म्हणजे जरा, काइते म्हणजे लिहून, कुदासाई म्हणजे द्या. क्रमही आपलाच! म्हणून जपानी आपली सख्खी बहीण ठरत नाही. पण साचा ओळखीचा आहे. ‘कुदासाई’च्या मुळाशी वरच्याने खाली देण्याची कल्पना आहे. मागणारा आपण होऊन खालची पायरी घेतो. तरीही हे रूप आज्ञार्थाचेच. वडीलधाऱ्यांपाशी किंवा वरिष्ठांपाशी त्याचा प्रश्न करावा, तोही नकारार्थी : ‘काइते कुदासाइमासेन का?’ आपणही कारकुनाला ‘लिहून द्या’ म्हणतो आणि गुरुजींना ‘जरा लिहून देता का?’ असे विचारतो. नकार देण्यास समोरच्याला वाट ठेवणे, हेच दोन्हीकडचे सौजन्य.

पुण्या-मुंबईकडे गेलेल्या आपल्या मुलांना कधी ऐकावे लागते की, सीमाभागाची बोली भेसळीची आहे आणि तिच्यात ‘प्लीज’ नाही. ती ऐकून मुले घरची भाषा गिळतात. त्यांना एवढेच सांगावे : आपली विनंती एखाद्या वेगळ्या शब्दावर अडून राहत नाही, ती क्रियापदातच नांदते. ज्याला भेसळ म्हणतात, ती शेजाऱ्याशी नीट बोलता यावे म्हणून पिढ्यांनी केलेली मेहनत आहे. त्या मेहनतीवर दूरदेशीची भाषाही सोपी होते. म्हणून घरात मराठी बोला, दारात कन्नड बोला, आणि दोन्हींत मुलांना मागायला शिकवा.