दारव्ह्याची कापूसवाट आणि मालवाहकाची जबाबदारी

परक्याचा माल हाती घेणाऱ्याने त्याबद्दल किती उत्तरदायी असावे, हा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. दारव्ह्याच्या कापसाच्या वाटेवरून त्याचा मागोवा घेण्याचा आमचा हेतू आहे.

अपण्णक जातकात पाचशे गाड्यांचा तांडा येतो, तर विनयपिटकातील पाराजिककाण्डात 'उपनिधी' म्हणजे विश्वासाने ठेवावयास दिलेल्या द्रव्याचा विचार आढळतो. मालकाने मागितले असता नाकारणे हा लहान दोष; त्याच्या मनात संशय उत्पन्न करणे हा मोठा; आणि मालकाने आशा सोडली की अपराध पूर्ण होतो. हा नियम भिक्षूंपुरता आहे, वाहतुकीचा कायदा नव्हे. तथापि दोषाची मोजणी मालकाच्या बाजूने करण्याची त्यातील रीत लक्षणीय आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८६५ चा वाहक कायदा झाला. भाडे घेऊन कोणाचाही माल भेदभाव न करता नेण्याचा धंदा करणारा, तो 'सार्वजनिक वाहक'. म्हणजे केवळ स्वतःचा कापूस नेणारा गाडीवान त्यात येत नाही. सर्वांसाठी भाड्याने गाडी जोडणारा येतो. माल हरवल्यास वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे मालकावर नव्हते.

नंतर मूर्तिजापूर–यवतमाळ अरुंदमापी रेल्वे सुरू झाली. दारव्हा-मोतीबागचा कापूस मूर्तिजापूरला रुंदमापी मार्गावर चढून मुंबईकडे जाई. परंतु १८९० च्या रेल्वे कायद्याने रेल्वेची जबाबदारी निक्षेपधारकापुरती, म्हणजे वाजवी काळजी घेण्यापुरती मर्यादित केली होती. अशा रीतीने तोच गठ्ठा भाडोत्री गाडीवर एका न्यायाने आणि डब्यात दुसऱ्या न्यायाने जाई.

पुढे ही रेल्वे बंद पडली. वाहतूक रस्त्यावर आली. २००७ चा रस्ते-वाहतूक कायदा १ मार्च २०११ रोजी लागू होऊन १८६५ चा कायदा रद्द झाला. निष्काळजीपणा सिद्ध करण्यापासूनची मालकाची मुक्तता कायम राहिली. मात्र २०११ च्या नियमांनुसार, जादा जोखमीचा दर ठरला नसल्यास, भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. पूर्वी नुकसान कळल्यापासून सहा महिन्यांत नोटीस द्यावी लागे. आता माल नोंदविल्यापासून १८० दिवसांत द्यावी लागते.

मोठा व्यापारी विमा उतरवितो. ज्याला पावतीच्या मागील अटी वाचता येत नाहीत, त्याची मुदत मात्र नुकसान कळण्याआधीच चालू झालेली असते. म्हणून माल देतानाच त्याचे मूल्य नोंदविणे, जोखमीचा दर विचारणे व पावती जपणे आवश्यक आहे. मालकाला आशा सोडावी लागू नये, यासाठी आजच्या कायद्यात एवढा आधार तरी उपलब्ध आहे.