आर्देनचा पिवळा निसणा

बेल्जियमच्या आग्नेयेला आर्देनचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे सॅल्म नदीच्या खोऱ्यात, व्हिएलसाल्म आणि लिएर्नू या गावांच्या आसपास, जांभळट-निळ्या पाटीच्या दगडात फिकट पिवळे थर सापडतात. बहुतेक थर जेमतेम काही सेंटिमीटर जाडीचे. या पिवळ्या दगडाला कोटिक्यूल म्हणतात, आणि वस्तऱ्याला शेवटची धार देण्यासाठी निसर्गाने घडवलेल्या दगडांत मी त्याला फार वरचे स्थान देतो.

सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तळाशी साचलेल्या बारीक गाळाच्या काही थरांत मँगनीज भरपूर होते. पुढे दाब आणि उष्णता यांनी गाळाची पाटी झाली आणि त्या थरांत गार्नेटचे असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार झाले. एकेक स्फटिक साधारण ५ ते १५ मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या रुंदीत असे पाच-दहा स्फटिक सहज मावतात. ते अभ्रकाच्या मऊ, बारीक गाभ्यात रुतलेले असतात.

सारे मर्म या स्फटिकांच्या आकारात आहे. गार्नेट पोलादाला खरवडण्याइतके कठीण असते. पण त्याचे स्फटिक अनेक पैलूंचे, जवळजवळ गोल असतात. त्यामुळे ते पोलादात खोल घुसत नाहीत, उथळ ओरखडा काढतात. खोल ओरखड्यांची धार दातेरी होते आणि गालाची आग होते. उथळ ओरखड्यांची धार केस कापते, कातडीला सांभाळून घेते. हे गार्नेट १८७०च्या दशकात आल्फोन्स रेनार या बेल्जियन भूवैज्ञानिकाने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यावर प्रबंध लिहिला. दगडाचा गुण कारागिरांच्या हातांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता.

न्हाव्याच्या दगडाची परंपरा अर्थात आर्देनपुरती नाही. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने धारेच्या दगडांची वर्गवारी केली: काही तेलावर चालणारे, काही पाण्यावर आणि काही थुंकीवर. थुंकीवर चालणारे दगड न्हाव्यांच्या दुकानांतले, आणि त्यांत स्पेनचे त्याने सरस ठरवले.

कोटिक्यूलला तेल लागत नाही, पाणी पुरते. त्यावर त्याच दगडाचा छोटा तुकडा घासला की दुधासारखी लगदी उठते. सुटे झालेले गार्नेट या लगदीत फिरतात आणि दगड झपाट्याने कापू लागतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून धार पुढे ठेवत हात चालवायचा. कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो, अंदाजाला जागा राहत नाही. मग थेंब-थेंब पाणी घालत लगदी पातळ करत न्यायची. शेवटी नुसत्या पाण्यावर फिरवले की तोच दगड अतिशय हळू कापतो आणि धार गुळगुळीत करतो. भरड दगडाचे काम आणि शेवटचा हात एकाच दगडावर, नुसत्या पाण्याच्या प्रमाणावर! हे मला या दगडाचे सर्वांत मोठे देणे वाटते. त्यानंतर चामोट्यावर मात्र धार मागे ठेवूनच ओढायची, नाहीतर चामडे कापले जाते.

हा माल काढणे कष्टाचे होते. थर तिरके, कधी उभेच; त्यांच्या मागे डोंगरात बोगदे खणत जावे लागे. हाती आलेल्या दगडातही भेगा आणि शिरा निघत. सलग, निर्दोष मोठी वडी म्हणूनच महाग. १८९०च्या दशकात कार्बोरंडमचे कृत्रिम दगड आले, १९०४ मध्ये जिलेटला बदलत्या पात्याच्या रेझरचे पेटंट मिळाले आणि घरोघरचा वस्तरा मागे पडत गेला. विसाव्या शतकात इथल्या खाणी एकेक करून थांबल्या. शतकाच्या अखेरीस उत्खनन पुन्हा सुरू झाले. याच खोऱ्यातल्या साल्मशातो गावी, दगडाच्या जुन्या कारखान्यात आज कोटिक्यूलचे संग्रहालय आहे.

जुना दगड हाती आला तर आधी त्याची कड पाहावी. पिवळा पदर पातळ आणि ठिसूळ, म्हणून त्याला बहुधा पाटीचा आधार चिकटवलेला असतो. चिकटवलेला सांधा सरळ रेघेसारखा दिसतो. पिवळा आणि निळा मुळातच जोडलेले असतील तर सीमा किंचित नागमोडी, एका रंगातून दुसऱ्यात उतरणारी असते. चिकटवलेला असो वा मुळातच जोडलेला, धारेत फरक नाही, किमतीत असतो. निळ्या पाटीतही गार्नेट असते, पण कमी. तिची लगदी जांभळट उठते आणि ती सावकाश कापते. पिवळ्याला हात घालण्यापूर्वी तिच्यावर सराव करायला हरकत नाही.