नगरच्या वरातीतला जपानी बँजो

कोपरगावपासून जामखेडपर्यंत, नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात लग्नाची वरात किंवा गणपतीची मिरवणूक निघाली की ढोल-ताशाच्या गदारोळावर तरंगणारा तारेचा एक धारदार सूर कित्येक वर्षं लोकांच्या कानावर पडत आला आहे. तो बँजोचा. हा बँजो म्हणजे अमेरिकेतलं कातड्याने मढवलेलं गोल वाद्य नव्हे. ही एक लांबट, अरुंद लाकडी पेटी असते. तिच्यावर पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारख्या बटणांच्या ओळी. पुस्तकांत तिला बुलबुल तरंग म्हणतात, गावात मात्र बँजो आणि तो वाजवणाऱ्यांच्या ताफ्याला बँजो पार्टी. इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास सांगताना जॉर्ज बोशाँ, लिओ फेंडर, लेस पॉल ही नावं घेतली जातात आणि त्यांचा प्रभाव अमेरिका-इंग्लंडच्या रॉक संगीतात शोधला जातो. पण तारेचा सूर विजेवर मोठा करण्याची तीच युक्ती एका जपानी कारागिराच्या पेटीत बसून नगरच्या रस्त्यावरही आली. या दोन शोधांनी आपल्याला नवा आवाज दिला, हे खरंच आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की वाद्य वाजवण्याचा अधिकार त्यांनी मोजक्या हातांतून काढून अनेकांच्या हातांत दिला. शोधकाचा टिकाऊ प्रभाव मोजायचा तर तो इथे मोजावा, असं माझं म्हणणं आहे.

पहिला शोध नागोयाचा. 1912 साली, जपानमध्ये तैशो राजवट सुरू झाली त्याच वर्षी, गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या कळींवरून कल्पना घेऊन एक तंतुवाद्य तयार केलं. राजवटीच्या नावावरून त्याचं नाव पडलं तैशोगोतो. त्याची रचना समजून घेतली की त्याच्या यशाचं कारण कळतं. सारंगी किंवा व्हायोलिन शिकणाऱ्याचा बराच काळ एका गोष्टीत जातो: तारेवर बोट नेमकं कुठे ठेवायचं. केसभर इकडेतिकडे झालं की सूर ढळतो, आणि ती जागा हाताला पाठ व्हायला वर्षं लागतात. मोरितांनी ती जागा पेटीतच पक्की करून टाकली. बटण दाबलं की खालची पट्टी तारेला नेमक्या पडद्यावर टेकवते. उजव्या हातातल्या नखीने तार छेडली की सूर निघतो, आणि तो ढळत नाही. जपानी वाद्यांच्या बटणांवर आकडे छापलेले असत आणि गाणीही आकड्यांतच लिहिलेली मिळत. त्यामुळे स्वरलिपी न शिकलेल्या माणसालाही ओळखीची चाल थोड्या दिवसांत वाजवता येई. वाद्य लहान होतं, स्वस्त होतं आणि कारखान्यात मोठ्या संख्येने बनवता येत होतं. गुरूच्या घरी काढायच्या वर्षांपैकी निदान पहिली काही वर्षं या पेटीने वाचवली.

म्हणूनच हे वाद्य जपानमध्ये अडून राहिलं नाही. जपानी माल विकला जाणाऱ्या अनेक ठिकाणी ते पोचलं. बलुचिस्तानात आकार वाढवून त्याचा बेंजू झाला आणि तो तिथल्या लोकसंगीताचं एक महत्त्वाचं वाद्य बनला. झांझिबार आणि मोम्बासाच्या तारब गायनात ते तैशोकोतो या नावाने शिरलं, मालदीवमध्ये बुलबुल तरंग रुळला. भारतात हेच वाद्य बुलबुल तरंग होऊन कव्वालीच्या ताफ्यात हार्मोनियमशेजारी बसलं. हिंदी महासागराच्या काठावरच्या या प्रदेशांची भाषा वेगळी, सुरांची समजही वेगळी. तरी प्रत्येकाने हीच पेटी उचलली आणि स्वतःच्या गाण्याला लावली. एखादी वस्तू केवळ नवलाईची असती तर ती काही वर्षांत माळ्यावर गेली असती. इतक्या ठिकाणी ती टिकली, कारण प्रत्येक ठिकाणची एकच अडचण तिने सोडवली: गाण्याची ओढ आहे, कानही तयार आहे, पण तालमीला वेळ, पैसा आणि उस्ताद नाही.

दुसरा शोध लॉस एंजेलिसचा. 1920 च्या दशकात अमेरिकेत हवाईयन गिटारची लाट होती, पण वाद्यवृंदातल्या पितळी वाद्यांपुढे गिटारचा आवाज दबून जाई. बोशाँ यांनी 1931 साली यावर तोडगा काढला. तारांजवळ नालाच्या आकाराचे लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवली. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, गुंडाळीत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि तो अँप्लिफायरमधून मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो. अडॉल्फ रिकनबॅकर यांच्यासोबत त्यांनी ही गिटार 1932 मध्ये बाजारात आणली. पेटंट मिळायला 1937 उजाडलं. चुंबक-गुंडाळीच्या या जोडणीचा, म्हणजे पिकअपचा, एक गुण मिरवणुकीसाठी फार मोलाचा ठरला. मायक्रोफोन आसपासचं सगळंच उचलतो. ताशाशेजारी ठेवला तर ताशाच ऐकू येतो. चुंबकी पिकअपला हवेतला आवाज जवळपास ऐकूच येत नाही, त्याला फक्त पोलादाची हालचाल कळते. म्हणून दहा ढोल शेजारी वाजत असले तरी बँजोची चाल कर्ण्यातून स्वच्छ बाहेर येते. बुलबुल तरंगाच्या तारा मुळातच पोलादी होत्या, त्यामुळे पिकअप त्यावर सहज बसला. गळ्यात पट्टा अडकवून किंवा स्टँडवर ठेवून वाजवायची पेटी, मागे हातगाडीवर अँप्लिफायर, कर्णे आणि जनरेटर: बँजो पार्टीचा सरंजाम असा उभा राहिला. पुढे जपानमध्येही तैशोगोतो विजेवर वाजू लागला. दोन देश वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचले, यावरून या जोडणीत किती नैसर्गिक तर्क होता ते दिसतं.

आता हे नगर जिल्ह्यात ठेवून पाहू. या भूमीला गाण्याचं दारिद्र्य कधीच नव्हतं. शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजलेल्या पवळाबाई संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या. पण वाजवायचं कोणी, हे जन्माने ठरत होतं. 1884 साली छापलेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये लोकांची माहिती जातवार दिली आहे, आणि वाजंत्री हा त्यात जातीला चिकटलेला धंदा म्हणून येतो. देवळात गुरव, लग्नकार्यात सनई, संबळ, हलगी वाजवणारे मांग, होलार किंवा घडशी. कला त्यांची, पण मान यजमानाचा. वाजवणं हा हक्कही होता आणि न टळणारं कामही. बलुत्याच्या या व्यवस्थेत दुसऱ्या घरातला मुलगा वाद्याला सहसा हात लावत नसे, आणि वाजंत्र्याच्या मुलाला ते सहसा सोडता येत नसे. बँजोला अशी कुठलीच जात चिकटलेली नव्हती. ते वाद्य बाहेरून आलं होतं, त्याला बलुतं नव्हतं, देवळातली जागा नव्हती, कोणाचा वारसा नव्हता. चार-सहा पोरांनी पैसे जमवून सामान घ्यायचं, सिनेमातली आणि लोकगीतांतली गाणी बसवायची आणि सुपारी घ्यायची. आजही बँजो पार्ट्यांत जुन्या वाजंत्री घराण्यांतली पुष्कळ मुलं आहेत. पण बलुत्यावर वाजवणं वेगळं आणि रक्कम ठरवून, विसार घेऊन, पार्टीच्या नावाचा फलक लावून वाजवणं वेगळं. पहिल्यात सेवा होती, दुसऱ्यात करार आहे.

यावर कोणी म्हणेल, हा बदल यंत्राने नव्हे, अर्थव्यवस्थेने घडवला. यात तथ्य आहे. 1950 च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. भंडारदऱ्याच्या पाण्यावर पिकलेल्या उसाने जिल्ह्याच्या उत्तर भागात रोख पैसा आणला, आणि गाळप आटोपल्यावर येणारी लग्नसराई अधिक थाटाची होऊ लागली. वीज आली, रस्ते आले, सिनेमाची थिएटरं आली. बलुतं मोडलं ते पैशाने आणि सामाजिक चळवळींनी, मोरितांनी नव्हे. पण मागणी तयार असणं एवढ्यानेच ती कोण पुरवणार हे ठरत नाही. ब्रास बँड होताच. त्याला मोठा ताफा, महागडी पितळी वाद्यं, गणवेश आणि क्लॅरिनेट-ट्रम्पेटवर फुंकीची तालीम लागे. तो शहरात आणि बड्या घरांत परवडे. पाथर्डी-शेवगावच्या दुष्काळी गावात, जिथली माणसं ऊसतोडीला बाहेर जातात, तिथल्या लग्नातही वाजंत्री हवीच होती. अशा ठिकाणी एक माणूस चाल उचलतो आणि बाकीचे ताल धरतात, हे गणित बँजोनेच जमवलं. अर्थव्यवस्थेने दार उघडलं. त्यातून आत कोण येऊ शकेल, हे यंत्राच्या रचनेने ठरवलं.

दुसरा आक्षेप संगीताच्या जाणकारांचा, आणि तो हलका नाही. बटणाने पक्का केलेला सूर म्हणजे श्रुतींचा आणि मींडेचा बळी, असं ते म्हणतात. हाच आक्षेप हार्मोनियमवर घेतला गेला होता. पॅरिसमध्ये जन्मलेल्या त्या पेटीला आकाशवाणीने 1940 पासून तीन दशकं दारात उभं केलं नव्हतं. बँजोवर भैरवीचे कोमल स्वर त्यांच्या सगळ्या छटांसह उभे राहत नाहीत, हे मान्य करावंच लागेल. पण हार्मोनियमची गोष्ट पुढेही पाहायला हवी. बंदी असताना कीर्तन, भजन, तमाशा आणि संगीत नाटक त्याच पेटीवर चालत राहिलं, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी तिच्या मर्यादेतच मोठं संगीत उभं केलं होतं. बँजोचा वादकही मर्यादेला शरण जात नाही. तुटक सुराची उणीव तो नखीच्या जलद, अखंड आघातांनी भरून काढतो. एकच स्वर थरथरत लांबत जातो आणि गायकाच्या आलापाची आठवण करून देतो. विजेमुळे सूर अधिक वेळ टिकतो, म्हणून दोन स्वरांमधली फट बुजवायला त्याला वाव मिळतो. शिवाय दरबार किंवा मैफल यांच्याशी तुलना करणं मुळातच चुकीचं आहे. वरातीत नाचणाऱ्यांना ओळखीच्या गाण्याची चाल हवी असते. ती चाल चालत्या पावलांवर, उघड्या रस्त्यावर, शब्दांशिवाय ओळखू यावी इतकी स्पष्ट वाजवणं ही स्वतंत्र कला आहे, आणि तिचा कस त्याच कामावर लावला पाहिजे.

तिसरा आक्षेप आवाजाचा. कर्णा दारासमोर आला की आजारी माणसाचे आणि परीक्षेला बसलेल्या मुलांचे हाल होतात. हा त्रास खरा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवायला लावणारे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम त्यासाठीच आहेत. ते पाळले गेलेच पाहिजेत. परंतु या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. छातीत धडकी भरवणाऱ्या डीजेच्या भिंतीपुढे वादक नसतो; रेकॉर्ड केलेलं गाणं आणि एक ऑपरेटर पुरतो. बँजो पार्टीत माणसं वाजवतात, थकतात, पुढच्या नाचणाऱ्याकडे पाहून लय वाढवतात. डीजेने बँजोची सुपारी हिरावली तेव्हा गोंगाट कमी झाला नाही. कमी झाले ते हाताने वाजवून पोट भरणारे. काही पार्ट्यांनी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड घेऊन स्वतःला सावरलं. पण बटणं आणि तारा यांच्यावर बोटांनी कमावलेलं कौशल्य एका पिढीत पुसलं जाऊ शकतं.

राहता राहिला प्रश्न श्रेयाचा. नगरच्या बँजोवाल्याला मोरिता किंवा बोशाँ ही नावं माहीत असण्याचं कारण नाही. मग याला त्यांचा प्रभाव म्हणायचं कसं? मला वाटतं, शोध टिकण्याचं रहस्यच यात आहे. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारे होते, त्यांना गिटार वाजवता येत नसे. पण त्यांच्या गिटारची मान स्क्रूने बसवलेली होती, कोणीही ती उघडून बदलू शके. मोरितांची पेटीही तशीच उघडी होती. तार तुटली तर बाजारात मिळे, बटण अडलं तर सुतार ते बसवून देई, पिकअप जळला तर रेडिओवाला गुंडाळी भरून देई. वादकाने आणि कारागिराने बदल करावेत एवढी जागा शोधकाने ठेवली, म्हणून ती वस्तू परक्या मुलखात तिथल्याच लोकांची झाली. जो शोध फक्त त्याच्या कर्त्याच्या नावाने चालतो तो नावासोबत संपतो. हा शोध मात्र हजारो अनाम हातांनी पुन्हापुन्हा घडवला, आणि म्हणून त्या हातांचंही श्रेय मोरिता-बोशाँइतकंच आहे.

ते श्रेय लिहून ठेवण्याची जबाबदारी आता आपली आहे. नगर शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात निजामशाहीपासूनचा वारसा जपला जातो. तिथे एक बँजोही असावा: घासलेल्या बटणांचा, पिकअप बसवलेला, मिरवणुकीत वापरलेला. त्यासोबत तो बनवणाऱ्या आणि वाजवणाऱ्या माणसांच्या मुलाखती, त्यांनी बसवलेल्या चाली आणि त्यांच्या सुपाऱ्यांच्या वह्या जमवाव्यात. लावणी आणि कीर्तन यांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. ज्यांनी गेल्या दोन-तीन पिढ्या जिल्ह्यातल्या सामान्य माणसाच्या आनंदाला सूर दिला, त्यांचा इतिहासही तेवढ्याच आदराने सांगितला गेला पाहिजे. वाजवणारे अजून हयात आहेत, तोवरच हे काम नीट होऊ शकतं.