शस्त्रपेटीचे कुलूप

परवान्याची बंदूक, रायफल किंवा पिस्तूल घरी ठेवताना अथवा प्रवासात नेताना ज्या पेटीत बंद करतात, त्या पेटीस लावावयाचे कुलूप. वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटते. तथापि शस्त्र मालकाच्या हातून सुटून काही काळ दुसऱ्याच्या स्वाधीन होते, तेव्हा त्याचा ताबा नेमका कोणाकडे आहे हे ठरविण्याचे व्यवहारातील साधन कुलपाची किल्ली हेच असते. विमानप्रवासात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. कारण तेथे प्रवासी व त्याचे शस्त्र ही दोन्ही एकाच विमानात असूनही परस्परांपासून पूर्णपणे अलग असतात. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात या विषयाला स्वतंत्र इतिहास आहे. नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे जतन केलेली आहेत, लातूर हे गाव कुलपांच्या कारागिरीसाठी ओळखले गेले आहे आणि दोन्ही जिल्हे आज राज्याच्या सीमेवर आहेत.

या विषयातील मराठी शब्द निरनिराळ्या वाटांनी आलेले आहेत. ‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’ या शब्दावरून फार्सीमार्गे मराठीत रूढ झाला. ‘बंदूक’ हाही त्याच वाटेने आलेला आहे. ‘चावी’, ‘पिस्तूल’ व ‘काडतूस’ हे शब्द मात्र पोर्तुगीजांच्या संपर्काचे द्योतक आहेत. दख्खनच्या भाषेत हत्यार आणि ते बंद करण्याचे साधन यांची नावे अशी बरोबरीनेच आली.

मध्ययुगीन दख्खनमध्ये शस्त्रे व दारूगोळा यांची साठवण मुख्यतः किल्ल्यांवर होई. सांप्रतच्या नांदेड जिल्ह्यातील कंधार आणि लातूर जिल्ह्यातील औसा व उदगीर हे भुईकोट किल्ले प्रसिद्ध आहेत. पैकी उदगीर येथे १७६० मध्ये मराठे व निजाम यांच्यात निर्णायक युद्ध झाले. या किल्ल्यांवरील दैनंदिन व्यवस्थेपेक्षा मराठ्यांच्या किल्ल्यांवरील व्यवस्थेची माहिती अधिक तपशिलाने मिळते. तीनुसार किल्ल्याच्या दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराजवळ असत. सायंकाळी दरवाजे बंद करणे व सकाळी उघडणे ही त्याची जातीची जबाबदारी होती. मात्र हवालदार, सबनीस व कारखानीस यांत अधिकार वाटून दिलेला असल्यामुळे कोणा एकाला संपूर्ण किल्ला फितुरीने देता येत नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी दिलेल्या सूचना या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा, ठरावीक दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे आणि नंतर पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. येथे कुलपाबरोबरच मुद्रेचा विचार केलेला आहे. कुलूप अडथळा करते. मुद्रा अडथळा करीत नाही, पण कोणी हात लावला असल्यास ते दाखवून देते. रक्षण आणि साक्ष ही दोन कामे वेगळी आहेत, हे त्या काळच्या कारभाऱ्यांनी पुरते ओळखले होते. आधुनिक विमानतळावर कुलूपबंद पेटीला वरून खुणेची चिठ्ठी बांधतात, तिच्यामागील विचार याहून फारसा निराळा नाही. तसेच बंदूक एकीकडे व दारू दुसरीकडे ठेवण्याची जुनी रीत आजच्या नियमांतही टिकून आहे.

नांदेड येथे गुरू गोविंदसिंग (१६६६–१७०८) यांचे देहावसान झाले. त्या स्थानी महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड श्री हजूर साहिब हा गुरुद्वारा बांधविला. त्याच्या गाभाऱ्यात गुरूंची म्हणून मानलेली शस्त्रे जपून ठेवलेली असून त्यांत तलवारी, खंजीर, धनुष्ये, बाण, रत्नजडित पोलादी ढाल यांबरोबर एक तोडेदार बंदूकही आहे. भाविकांना नित्य सायंकाळी काही शस्त्रांचे दर्शन घडविले जाते आणि दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाच्या विधीत शस्त्रे गोदावरीच्या पाण्याने स्वच्छ केली जातात. म्हणजे येथील शस्त्रे कडेकोट बंद नाहीत. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या व्यक्तीच्या हातून व सर्वांसमक्ष ती बाहेर येतात. शस्त्र राखण्याच्या व्यवस्थेचे हे रूप कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, पण इतका दीर्घकाळ अखंड चाललेली दुसरी व्यवस्था या भागात क्वचितच दाखविता येईल.

लातूर हे व्यापारी पेठेचे गाव पितळी भांडी, अडकित्ते व कुलपे यांसाठी नावाजलेले होते. अडकित्ता आणि कुलूप या दोहोंतही रिबिटाने जोडलेले, तरीही सहज फिरणारे भाग नेमके बसवावे लागतात. त्यामुळे एकाच गावात दोन्ही धंदे वाढावेत यात नवल नाही. भारतातील कुलूपनिर्मितीचे मोठे केंद्र उत्तरेत अलीगढ येथे विकसित झाले, तर मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला. कारखान्यात यंत्रावर तयार होणाऱ्या कुलपांपुढे गावोगावची हाताची कुलपे मागे पडत गेली. हातकुलपाचा एक दोष असा की, एका कारागिराच्या कुलपांच्या किल्ल्या पुष्कळदा एकमेकींना चालत. धान्याच्या कणगीला वा दुकानाच्या फळ्यांना ते चालून जाई. बंदुकीच्या पेटीला चालत नाही.

कुलपाच्या अंतर्गत रचनेचे दोन प्रकार येथे लक्षात घ्यावयास हवेत. खटक्यांच्या कुलपात अनेक पट्ट्या असतात आणि किल्लीने प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली गेल्याखेरीज अडसर सरकत नाही. अमेरिकेत लायनस येल याने १८६० नंतरच्या दशकात रूढ केलेल्या प्रकारात एका दंडगोलात स्प्रिंगवर बसविलेल्या लहान खुंट्या असतात. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब व ब्रामा यांची अभेद्य समजली जाणारी कुलपे उघडून दाखविली. तेव्हापासून कोणतेही कुलूप अभेद्य नसून ते उघडण्यास किती वेळ व किती कौशल्य लागते एवढाच त्याचा दर्जा, ही समजूत या शास्त्रात पक्की झाली.

शस्त्रांवरील कायदेशीर नियंत्रणाचा इतिहास मराठवाड्यात ब्रिटिश मुलखाहून निराळा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्रास्त्र अधिनियम लागू होता. नांदेड व लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असल्याने तेथे संस्थानाचा अंमल चाले. संस्थानाच्या अखेरच्या काळात रझाकारांच्या हाती शस्त्रे आल्यामुळे या भागातील खेड्यांनी मोठी दहशत अनुभवली. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरलाच वकिली करीत असे. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून १९५९ चा शस्त्र अधिनियम देशभर अंमलात आला. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे बाळगण्याची मुभा राहिली. पूर्वी ही मर्यादा तीन होती.

या अधिनियमातील कळीचा शब्द ‘ताबा’ हा होय. गुनवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, ताब्यासाठी वस्तूची जाणीव असणे आवश्यक आहे. परंतु वस्तू प्रत्यक्ष हातात असलीच पाहिजे असे नाही, तिच्यावर हुकमत असणे पुरेसे आहे. या विवेचनाच्या दोन्ही बाजू विमानतळावर रोज अनुभवास येतात. जुन्या पिशवीच्या अस्तरात विसरून राहिलेले एखादे काडतूस क्ष-किरण यंत्रात दिसते व प्रवाशावर गुन्हा दाखल होतो. जाणीवपूर्वक ताबा नसल्याच्या कारणावरून अशी अनेक प्रकरणे दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केलेली आहेत, तरी तोपर्यंतचा मनस्ताप टळत नाही. उलटपक्षी, पेटीत बंद करून विमान कंपनीच्या स्वाधीन केलेल्या बंदुकीची किल्ली ज्याच्या खिशात आहे, त्याची हुकमत त्या बंदुकीवरून सुटलेली नसते.

भारतात विमानातून शस्त्र नेण्यावर वायुयान नियम, १९३७ यांनीच निर्बंध घातले होते. मात्र आजच्या कडक तपासणीचे मूळ विमान-अपहरणांत आहे. जानेवारी १९७१ मध्ये श्रीनगरहून निघालेले ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळविण्यात आले. त्या वेळी वापरलेली शस्त्रे खोटी होती. सप्टेंबर १९७६ मधील अपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षा विभाग स्थापन झाला व १९८७ मध्ये त्यास स्वतंत्र दर्जा मिळाला. १९९९ मधील काठमांडू–दिल्ली विमानाच्या अपहरणानंतर मोठ्या विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास प्रारंभ झाला. प्रचलित रीतीनुसार प्रवाशाने शस्त्राची माहिती सामान देतानाच सांगावी लागते, परवाना दाखवावा लागतो, शस्त्र रिकामे असल्याची खात्री पटवावी लागते आणि ते सामानकक्षातच जाते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे काडतुसे सुरक्षित वेष्टनात, स्वतःच्या वापरापुरती व वेष्टनासह दरडोई ५ किग्रॅ.पर्यंतच नेता येतात. दोघांचा वाटा एकाच वेष्टनात बांधता येत नाही. संख्येची मर्यादा काही विमान कंपन्या स्वतंत्रपणे घालतात.

कुलूप निवडताना प्रथम पेटी पाहावी लागते, कारण कमकुवत पेटीस भारी कुलूप लावणे व्यर्थ होय. कापडी वा चेनच्या पिशवीचे कुलूप न तोडताही चेन फाकवता येते. कठीण प्लॅस्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पेटीला निर्मात्याने जितकी भोके ठेवलेली असतील, तितकी सर्व कुलपांनी भरावीत. लांब रायफलीच्या पेटीस मध्ये एकच कुलूप घातल्यास कोपरा उचकटून आत हात घालता येतो. कुलपाची कडी भोकात बसेल तेवढी जाड असावी व कुलूप बाहेर फार लोंबू नये, कारण सामान वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर लोंबणारे कुलूप आपटून तुटते किंवा कोयंड्यालाच चीर पाडते. पितळी अंगाचे कुलूप गंजत नाही, पण कडी मात्र कठीण पोलादाचीच हवी. आकड्यांचे कुलूप सोयीचे असले तरी त्याचे स्वस्त नमुने केवळ बोटांच्या स्पर्शाने उघडता येतात. एकाच किल्लीने उघडणारी दोन-तीन कुलपे घेतल्यास अधिकाऱ्यासमोर पेटी उघडताना गोंधळ होत नाही. पूर्णतः हवाबंद पेटीची हवा सोडण्याची झडप बंद राहिल्यास उतरल्यावर झाकण उघडणे अवघड जाते, आणि दोष मात्र कुलपाला दिला जातो.

किल्ली कोणाजवळ असावी याविषयीचा सर्वांत बोधप्रद अनुभव अमेरिकेतील आहे. तेथील नियमांप्रमाणे शस्त्र कठीण व कुलूपबंद पेटीत असावे लागते आणि किल्ली वा संकेतांक फक्त प्रवाशाकडेच राहावा लागतो. इतर सामानासाठी मात्र २००३ पासून अशी कुलपे निघाली, की जी तपासणी अधिकाऱ्यांना त्यांच्याजवळील सामायिक किल्लीने उघडता येतात. २०१४ मध्ये एका वृत्तपत्रात त्या किल्ल्यांचे स्पष्ट छायाचित्र छापले गेले. पुढील वर्षी त्यावरून त्रिमितीय मुद्रणाने किल्ल्या बनविण्याचे आराखडे प्रसृत झाले. जी किल्ली अनेकांकडे असते ती गुप्त राहत नाही, हे लातूरच्या पेठेतील दुकानदारासही ठाऊक होते. ही सामायिक किल्लीची कुलपे भारतातील बाजारात प्रवासी बॅगांबरोबर सर्रास मिळतात व पुष्कळ लोक ती अधिक सुरक्षित समजून घेतात. शस्त्रपेटीसाठी ती निवडू नयेत.

नांदेड येथील विमानतळाचा विस्तार २००८ मधील गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने झाला. एप्रिल २०१७ मध्ये उडान योजनेखाली नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली व त्याच वर्षअखेर अमृतसरशी थेट विमानसंबंध जोडला गेला. पुढे मात्र सेवा वेळोवेळी खंडित होत राहिल्या. लातूरला धावपट्टी असूनही नियमित प्रवासी वाहतूक रुजली नाही. परिणामी या भागातील प्रवाशास बहुधा हैदराबाद गाठावे लागते. लातूरहून बीदरमार्गे जाताना कर्नाटक ओलांडून तेलंगणात शिरावे लागते. देगलूरकडूनही पलीकडे तेलंगणाच आहे. १९५६ पूर्वी हा सर्व प्रवास एकाच हैदराबाद राज्यातला होता. आज ज्याच्या परवान्याचे क्षेत्र महाराष्ट्रापुरते मर्यादित आहे, अशा शेतकऱ्याची वा नेमबाजाची बंदूक विमानतळावर पोहोचण्याआधीच परवान्याच्या बाहेर जाते, आणि पेटीस कितीही उत्तम कुलूप असले तरी तो दोष झाकला जात नाही. म्हणून जाणकार प्रवासी कुलपाआधी परवान्यावरील क्षेत्राची नोंद पाहतात.

नांदेडच्या यात्रेकरूंच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग असल्याचे संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात मान्य केलेले आहे. मार्च २०२२ मधील आदेशानुसार भारतांतर्गत उड्डाणांत शीख प्रवाशास पाते १५·२४ सेंमी. व एकूण लांबी २२·८६ सेंमी. यांहून अधिक नसलेले कृपाण अंगावर बाळगता येते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांस ही सवलत नाही. तेथे कृपाण सामानकक्षात द्यावे लागते.